वाचकांचे प्रश्न : इंजिनावर मेकॅट्रॉनिक्स शिकवता येईल का?

प्रश्न : मी नाशिकमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅट्रॉनिक्स (यंत्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक यांचा एकत्रित विषय) शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत पीएलसीचे (कारखान्यातील यंत्रे चालवणाऱ्या प्रोग्रामेबल नियंत्रकाचे) संच, कन्व्हेयरचे छोटे मॉडेल आणि मायक्रोकंट्रोलरची किट आहेत. विद्यार्थी प्रयोग वेळेत उरकतात, जर्नलही नीट लिहितात. परंतु सेन्सर, प्रोग्राम आणि यंत्र यांचा एकमेकांवर काय परिणाम होतो, असे ओरलमध्ये विचारले की बहुतेक जण गप्प होतात. शेजारच्या लॅबमध्ये रोप ब्रेक (ड्रमवरील दोरीने इंजिनावर भार देणारा ब्रेक) जोडलेले पाच अश्वशक्तीचे एक सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे आणि फ्युएल इंजेक्शन असलेले १२५ सीसी दुचाकीचे एक इंजिन आम्हाला देणगी म्हणून मिळाले आहे. या दोहोंवर काही शिकवावे, असे मनात आहे. सहकारी म्हणतात की त्यात धोका फार आणि फायदा थोडा. आपले मत काय आणि सुरुवात कोठून करावी?
— एक प्राध्यापिका, नाशिक

उत्तर : अवश्य शिकवावे, आणि सुरुवात दुचाकीच्या इंजिनापासून न करता त्या जुन्या डिझेल इंजिनापासून करावी, असा माझा आग्रह राहील. कन्व्हेयरचे मॉडेल विद्यार्थ्याच्या सवडीने चालते. प्रोग्राम चुकला की पट्टा थांबतो, चूक दुरुस्त झाली की पुन्हा सुरू होतो. चालू इंजिन कोणासाठी थांबत नाही. क्रँकशाफ्ट फिरत असतो, पुढचा स्ट्रोक ठरलेल्या कोनावर येणारच असतो, आणि सेन्सरची माहिती घेऊन, हिशेब करून, आदेश देण्याचे काम तेवढ्या अवधीत पुरे झाले नाही, तर हिशेब अचूक असूनही वाया जातो. शिवाय इंजिनात यांत्रिक बिघाड, विजेचा बिघाड आणि प्रोग्राममधील चूक एकमेकांची सोंगे घेतात. आपले विद्यार्थी ओरलमध्ये जेथे गप्प होतात ती जागा नेमकी हीच आहे.

पाच अश्वशक्ती म्हणजे ३.७ किलोवॅट, १५०० आरपीएम, सिलिंडरचा व्यास ८० मिमी आणि स्ट्रोक ११० मिमी, अशा मापाची किर्लोस्करची इंजिने आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत वर्षानुवर्षे आहेत. आपलेही बहुधा त्याच जातीचे असावे. त्यावर एकही तार नसताना त्यात एक पुरा नियंत्रक बसवलेला असतो, तो म्हणजे गव्हर्नर. वेग वाढला की त्याची वजने बाहेर फेकली जातात, स्प्रिंग दाबली जाते आणि इंधनपंपाची रॅक (इंधनाचे प्रमाण ठरवणारी दातेरी पट्टी) कमी इंधनाच्या दिशेने सरकते. आता विद्यार्थ्यांना विचारावे की भार वाढल्यावर जास्त इंधन मिळण्यासाठी काय व्हावे लागेल? वजने थोडी आत यावी लागतील, म्हणजे वेग थोडा पडावा लागेल, आणि भार आहे तोवर तो पडलेलाच राहील. रिकामे इंजिन १५६० आरपीएमवर आणि पूर्ण भाराखाली १५०० वर चालत असेल, तर हा फरक चार टक्के होतो. त्याला ड्रूप म्हणतात. नियंत्रणशास्त्राच्या तासाला ‘प्रपोर्शनल कंट्रोलमध्ये (त्रुटीच्या प्रमाणात दुरुस्ती करणाऱ्या नियंत्रणात) स्थिर त्रुटी उरते’ हे वाक्य मुले पाठ करतात. येथे तीच त्रुटी टॅकोमीटरवर वाचता येते आणि कानाने ऐकूही येते. जेम्स वॅटने १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला असा गव्हर्नर जोडला आणि मॅक्सवेलने १८६८ मध्ये गव्हर्नरांच्या स्थैर्याचे गणित मांडले. नियंत्रणशास्त्राची सुरुवातच या वस्तूपासून झालेली असताना ती आपल्याकडे फक्त ‘थिअरी ऑफ मशिन्स’च्या एका प्रकरणात पडून राहते, याचे मला नवल वाटते.

पहिले काम मोजमापाचे असावे. फ्लायव्हीलवर एक बोल्ट आणि समोर एक प्रॉक्सिमिटी सेन्सर एवढ्यावर वेग मोजायला लावावा. १५०० आरपीएमला एक फेरा ४० मिलिसेकंदांत होतो. मुलांच्या लक्षात येईल की आकडे एका फेऱ्याला कमी, पुढच्याला जास्त असे आलटून पालटून येतात, आणि ती सेन्सरला दोष देतील, कोणी फिल्टर बसवायला धावेल. अशा वेळी त्यांना थांबवून फोर-स्ट्रोक चक्र आठवायला सांगावे. पॉवर स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदाच येतो, त्यामुळे वेग खरोखरच तसा वरखाली होत असतो. सेन्सर खरे सांगत आहे. सरासरी घ्यायची तर दोन फेऱ्यांची, म्हणजे ८० मिलिसेकंदांची घ्यावी. त्यातूनच दुसरी गोष्ट उलगडते की या इंजिनाला नवा टॉर्क ८० मिलिसेकंदांतून एकदाच मिळतो, म्हणून कंट्रोल लूप (मोजणे, हिशेब आणि आदेश यांची फेरी) दर ५ मिलिसेकंदांनी चालवून काही साधत नाही. सॅम्पलिंगचा, म्हणजे दोन मोजमापांमधला, काळ हा प्रोग्रामरच्या मर्जीचा आकडा नसून यंत्राच्या रचनेतून येतो, हे मुलांना येथे जितके पटते तितके फळ्यावर पटत नाही.

त्यानंतर नियंत्रण. येथे एक मोह आवरावा लागतो. गव्हर्नर काढून टाकून रॅकला थेट सर्व्हो मोटर (आदेशानुसार ठरलेल्या जागी सरकणारी मोटर) जोडावी, असे उत्साही गटाला हमखास वाटते. तसे करू देऊ नये. सर्व्हो अडकला आणि रॅक पूर्ण उघडी राहिली, तर भार नसलेले डिझेल इंजिन कोठवर पळेल याचा नेम नाही. त्याऐवजी गव्हर्नर जागेवर ठेवून सर्व्होने त्याच्या स्प्रिंगचा ताण, म्हणजे वेगाचा सेटपॉइंट (ठरवून दिलेला वेग) बदलावा. जनरेटर सेटमध्ये गव्हर्नरचा वेग मोटरने लावण्याची हीच पद्धत पूर्वापार आहे. आतला लूप यांत्रिक, बाहेरचा इलेक्ट्रॉनिक; बाहेरच्या लूपमध्ये इंटिग्रल भाग (उरलेल्या त्रुटीची बेरीज करत जाणारा) घातला की ड्रूप नाहीसा होतो आणि भार टाकला तरी इंजिन १५०० वर परत येते. वीज गेली तर सर्व्होचा दांडा कमी वेगाकडे ओढणारी एक स्प्रिंग लावलेली असावी.

इंटिग्रल भागाची दुसरी बाजूही याच इंजिनावर दाखवता येते. ३.७ किलोवॅट आणि १५०० आरपीएमला टॉर्क सुमारे २३.५ न्यूटन-मीटर येतो. रोप ब्रेकच्या ड्रमची परिणामी त्रिज्या ०.१५ मीटर असेल, तर वजन वजा स्प्रिंग बॅलन्सचे वाचन हे सुमारे १६ किलो भरेल. त्याहून थोडा जास्त भार देऊन अर्धा मिनिट थांबावे. सर्व्हो शेवटच्या टोकाला टेकलेला असतो, वेग भरून निघत नाही आणि प्रोग्राममधील इंटिग्रल मात्र साचतच जातो. मग भार एकदम उतरवला की इंजिन ठरलेल्या वेगाच्या वर उसळते आणि बराच वेळ तेथेच राहते, कारण साचलेली बेरीज उतरायला वेळ लागतो. यालाच विंडअप म्हणतात. ज्या गटाने बेरजेला मर्यादा घातलेली असेल त्याचे इंजिन लगेच ताळ्यावर येते. दोन्ही गटांचे प्रोग्राम एकापाठोपाठ चालवून दाखवले, तर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

दुचाकीचे इंजिन याच्या पुढच्या सत्रासाठी ठेवावे, आणि पहिले काही आठवडे त्यात पेट्रोल घालूच नये. स्पार्क प्लग काढून ते विजेच्या मोटरने फिरवावे. क्रँकशाफ्टवर ३६ वजा १ दात्यांचे (३६ पैकी एक दाता काढलेले) चक्र बसवले, तर दर दाता १० अंशांचा होतो आणि एक रिकामी जागा शून्याची खूण देते. ३००० आरपीएमला एक अंश सुमारे ५५ मायक्रोसेकंदांत, तर ६००० ला सुमारे २८ मायक्रोसेकंदांत सरतो. ९६०० बॉडच्या वेगाने सिरियल पोर्टवर (संगणकाकडे माहिती पाठवण्याच्या वाटेवर) एक अक्षर पाठवायला एक मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणजे बफर (पाठवायच्या अक्षरांची तात्पुरती साठवण) भरलेला असताना दहा अक्षरांची एक ओळ छापणारा प्रोग्राम ३००० आरपीएमला अर्धा फेरा आंधळा असतो. ‘डिले’ हा नुसते थांबून राहण्याचा आदेश वापरण्याची सवय मुलांना किटवर लागलेली असते. ती येथे आपोआप सुटते आणि इंटरप्ट (संकेत येताच हातचे काम थांबवून त्याची दखल घेण्याची सोय) कशासाठी असतो हे कळते. टायमरचीही निवड करायला लावावी. १६ मेगाहर्ट्झच्या मायक्रोकंट्रोलरवर १६ बिटांचा टायमर अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या टप्प्याने चालवला तर तो सुमारे ३३ मिलिसेकंदांत भरतो, चार मायक्रोसेकंदांच्या टप्प्याने चालवला तर २६२ मिलिसेकंदांत. स्टार्टरवर २०० आरपीएमला इंजिनाचा एक फेरा ३०० मिलिसेकंद घेतो. कोणता टप्पा का निवडला, याचे उत्तर प्रत्येक गटाने लेखी द्यावे.

आता प्लग परत बसवून तेच चक्र स्टार्टरने फिरवावे. माझ्या मते सगळ्या अभ्यासक्रमातील हा सर्वांत मोलाचा तास आहे. दोन दात्यांमधील अवधी आधीच्या अवधीच्या दीडपट झाला की रिकामी जागा आली, असा नियम मुलांनी प्रोग्राममध्ये लिहिलेला असतो आणि मोटरवर तो बिनचूक चालत होता. परंतु कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या अखेरीस एक सिलिंडरचे इंजिन इतके मंदावते की साधा दाताच रिकाम्या जागेसारखा भासतो, शून्याची खूण भलत्याच कोनावर पडते आणि स्पार्क नको तेथे येतो. त्यात सेन्सर चुंबकीय प्रकारचा असेल तर त्याचा व्होल्टेज वेगाबरोबर कमी होतो, म्हणजे स्टार्टरवर संकेत सर्वांत दुबळा असतो; त्याच्या दोन तारा उलट जोडल्या असतील तर कडेची वेळ सरकते; आणि अर्थिंग सैल असेल तर इग्निशन कॉइलचा उपद्रव नसलेले दाते मोजायला लावतो. लक्षण एकच, की इंजिन नीट सुरू होत नाही. कारण फ्लायव्हीलच्या जडत्वात आहे, वायरिंगमध्ये आहे की प्रोग्रामच्या एका ओळीत आहे, हे ऑसिलोस्कोप लावून शोधावे लागते, आणि ते शोधताना यंत्र, इलेक्ट्रॉनिक्स व संगणक या तिन्ही शाखांच्या मुलांना एकमेकांची गरज लागते. गट तसेच मिश्र करावेत.

इंधनाचा हिशेब नाशिकच्या हवेचा करावा. पुस्तकांतील उदाहरणे समुद्रसपाटीच्या दाबाची असतात. १२५ घनसेंटिमीटर, २७ अंश सेल्सियस, ८० टक्के भरणक्षमता (सिलिंडर हवेने किती भरतो ते) आणि १४.७ हे हवा-इंधन प्रमाण धरले, तर १०१ किलोपास्कलला एका चक्राला सुमारे ८ मिलिग्रॅम पेट्रोल लागते. आपले शहर सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब ९४ किलोपास्कलच्या आसपास, म्हणून हवा कमी आणि पेट्रोल सुमारे ७.४ मिलिग्रॅम. दाबाचा सेन्सर न वाचता पुस्तकी आकडा घालणाऱ्या गटाचे मिश्रण सात-आठ टक्के दाट होईल आणि लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजणारा) ते दाखवून देईल. इंजेक्टर मिलिसेकंदाला २ मिलिग्रॅम देत असेल तर ३.७ मिलिसेकंद पुरतात, पण त्यात उघडण्याचा उशीर मिळवावा लागतो, जो साधारण एक मिलिसेकंद असतो आणि बॅटरीचा व्होल्टेज पडला की वाढतो. लॅम्डा सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या खाली भरवशाचा नसतो, त्यामुळे इंजिन गार असताना प्रोग्रामने त्याचे ऐकायचे नाही, ही अट मुलांनी स्वतः शोधून काढलेली बरी.

धोक्याविषयी सहकाऱ्यांचे म्हणणे मी झटकून टाकणार नाही. एक्झॉस्ट पाइपने इमारतीबाहेर सोडलेला असावा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि खिडकी उघडी ठेवणे पुरेसे नाही. फिरत्या भागांवर जाळी, हाताशी कोरड्या पावडरचे अग्निशामक, आणि लॅबमध्ये पेट्रोल त्या दिवसापुरतेच. पेट्रोल इंजिनाचे लाल बटण इंधनपंप आणि इग्निशन दोन्ही तोडणारे असावे. डिझेल इंजिन मात्र विजेचे बटण दाबून थांबत नाही, त्याचा स्टॉप लिव्हर कोठे आहे हे प्रत्येकाने हात लावून दाखवल्याशिवाय प्रयोग सुरू करू नये. हाय टेन्शन वायर उघडी ठेवून स्पार्क पाहण्याचा प्रयोग कॉइलचे आणि मुलांचे दोघांचेही नुकसान करू शकतो. ओढणी आणि सैल बाह्या यांविषयी सगळे बोलतात, पण गळ्यातील आयकार्डची दोरी कोणी काढायला सांगत नाही. ती दारातच खिशात गेली पाहिजे.

गुण देण्याबाबत एकच सुचवतो. शेवटच्या सत्रात आपण स्वतः एक बिघाड लपवून ठेवावा आणि मीटरला हात लावण्यापूर्वी गटाकडून तीन शक्य कारणे व प्रत्येकाची खूण लिहून घ्यावी. गुण त्या कागदाला द्यावेत. इंजिन सुरू झाले की नाही, हे दुय्यम आहे.

प्रश्न : मी सातपूरला राहतो आणि डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. विजेच्या गाड्या येत असताना इंजिनावर प्रोजेक्ट केले, तर मुलाखतीत जुनाट वाटणार नाही का?
— एक विद्यार्थी

उत्तर : प्रोजेक्टचे शीर्षक जुनाट वाटू शकेल; त्यातील काम तसे नाही. विजेच्या गाडीतील मोटरलाही रोटर कोणत्या कोनावर आहे हे सतत कळावे लागते; दुचाकींत त्यासाठी बहुधा हॉल सेन्सर आणि मोटारींत अनेकदा रिझॉल्व्हर असतो. चार ध्रुवजोड्यांची मोटर ६००० आरपीएमला फिरत असेल, तर विद्युत आवर्तन ४०० हर्ट्झचे, म्हणजे अडीच मिलिसेकंदांचे होते. प्रवाहाचा लूप १० किलोहर्ट्झने चालवला तर एका आवर्तनाला २५ संधी मिळतात, दर संधीमागे सुमारे १४ अंश. ज्याने क्रँकशाफ्टचे दाते मोजले आहेत, त्याला हे गणित नवे वाटणार नाही. फरक आहे तो असा की मोटर गुळगुळीत फिरते आणि तिचा टॉर्क लगेच बदलतो, तर इंजिनात पुढच्या स्ट्रोकची वाट पाहावी लागते. त्यामुळे इंजिन हा नियंत्रणाचा अधिक अवघड धडा आहे.

तुमच्या घराभोवतीच पाहा. सातपूरला बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजेक्शनचे भाग होतात, महिंद्राची वाहने नाशिकला आणि इंजिने इगतपुरीला तयार होतात, आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत फवारणीचे ट्रॅक्टर डिझेलवरच फिरतात. हे उद्याच बदलेल असे मला वाटत नाही. कायम राहील असेही म्हणणार नाही. मुलाखतीत ‘इंजिनावर काम केले’ एवढे सांगून थांबू नका. संकेत कोठे बिघडला, तो कसा शोधला आणि मोजमाप कशावर केले, हे ऑसिलोस्कोपच्या चित्रांसह दाखवा. नोकरीची हमी मात्र या सदरातून कोणालाही देता येणार नाही.

प्रश्न : पंचवटीत माझे दुचाकीचे गॅरेज आहे. कॉलेजची मुले प्रोजेक्टसाठी येतात, बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लावतात आणि जो कोड येईल तो सेन्सर बदला म्हणतात. माझ्या अनुभवात निम्म्या वेळी सेन्सर चांगला निघतो. यात माझी समजूत चुकते आहे का?
— एक गॅरेजचालक

उत्तर : आपली समजूत बरोबर आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाल्यावर जवळजवळ सर्व नव्या पेट्रोल दुचाकींवर फ्युएल इंजेक्शन आले आणि त्याबरोबर कोडही आले. पण कोड हा तक्रारीचा मथळा असतो, निदान नव्हे. उदाहरणार्थ, पी ०३३५ हा कोड क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढेच सांगतो. सेन्सर आणि दाते यांमधील फट वाढली, कनेक्टरच्या पिनांवर गंज चढला, इंजिनाच्या उष्णतेने तारेचे आवरण वितळून ती बॉडीला टेकली, यांपैकी काहीही झाले तरी कोड तोच येऊ शकतो. मुलांना आधी कनेक्टर सोडून सेन्सरचा रेझिस्टन्स मोजायला लावा, मग स्टार्टर मारताना संकेत येतो का ते पाहायला सांगा, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला ईसीयूपाशी (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकापाशी) तोच संकेत पोहोचतो का हेही. या तीन पायऱ्यांत बहुतेक वेळा उत्तर सापडते आणि नव्या सेन्सरचे पैसे वाचतात. वर ज्या प्राध्यापिकांचे पत्र आहे, त्यांच्यासारख्या शिक्षकांनी बिघाड लपवण्याच्या त्या शेवटच्या सत्राला आपल्यासारख्या कारागिरांना मानधन देऊन बोलवावे, असे मला मनापासून वाटते, कारण कोणता बिघाड खरोखर होतो आणि कोणता फक्त प्रश्नपत्रिकेत होतो, हे गॅरेजमध्येच ठाऊक असते.

प्रश्न : आमच्या पॉलिटेक्निकमध्ये इंजिन चालवण्याची परवानगी नाही. नुसत्या सिम्युलेटरवर हे शिकवता येईल का?
— एक अधिव्याख्याता, सिन्नर

उत्तर : बराचसा भाग येईल. एका मायक्रोकंट्रोलरने दात्यांचे संकेत तयार करायचे आणि दुसऱ्याने ते वाचून इंजेक्टर व इग्निशनचे आदेश द्यायचे, अशी जोडी फार थोड्या खर्चात होते. आर्डुइनो मेगावर उभा राहिलेला स्पीडुइनो हा खुला ईसीयू प्रकल्प आहे. त्यातील दाते ओळखणारा भाग मुलांना वाचायला द्यावा. अडचण एवढीच की सिम्युलेटरचे सगळे दाते सारख्या अंतराने येतात, आणि अशा संकेतावर कच्चा प्रोग्रामही पक्का वाटतो. म्हणून संकेत तयार करणाऱ्या प्रोग्राममध्येच दर दोन फेऱ्यांना कॉम्प्रेशनपाशी वेग पडेल, मधूनच एखादा खोटा दाता येईल आणि स्टार्टरवर व्होल्टेज घसरेल, अशी सोय आपण करून ठेवावी, आणि ती केल्याचे विद्यार्थ्यांना आधी सांगू नये. चालू इंजिनाची परवानगी नसली, तरी मोटरने फिरवलेल्या, इंधन नसलेल्या इंजिनाला सहसा कोणाची हरकत नसते; प्राचार्यांकडे तेवढ्यापुरता वेगळा अर्ज करून पाहावा.